घाटरस्त्यांच्या अंदाजपत्रकात वन्यप्राण्यांचीही वाट धरा

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सन्माननीय महोदय,

कोल्हापुरातून कोकणात उतरणारे आंबा, करूळ, भुईबावडा आणि फोंडा हे घाटरस्ते सह्याद्रीच्या एकाच जंगलपट्ट्याला छेदून जातात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पापासून राधानगरी अभयारण्यामार्गे तिलारीकडे जाणाऱ्या या पट्ट्यात दक्षिणोत्तर फिरणाऱ्या गव्याला किंवा बिबट्याला डांबरी रस्ता ओलांडण्यावाचून गत्यंतर नसते.

‘वन्यप्राण्यांपासून सावधान’ असे फलक लावले की काम संपले, असा आपल्याकडे समज दिसतो. प्रत्यक्षात रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला की वेग वाढतो, रात्री समोरच्या वाहनाच्या झोतात डोळे दिपतात आणि काळाभोर गवा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. जंगलाला भिडलेल्या उसाच्या फडांकडे गवे रात्रीच उतरतात, आणि गळीत हंगामात त्याच रस्त्यांवर ऊसवाहतूकही रात्रभर चालू असते. अशा धडकेत केवळ गवाच नव्हे, दुचाकीस्वारही जिवाला मुकू शकतो.

पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. पहिल्या सरींनंतर बेडूक आणि खेकडे रस्त्यावर येतात, त्यांच्या मागे साप येतात आणि चिरडलेले जीव खायला आलेले मुंगूस किंवा कोल्हेही चाकाखाली सापडतात. मोठा प्राणी मेला तर पंचनामा होतो. या लहान जिवांची मोजदाद सहसा कोणी ठेवत नाही, म्हणून ते कोणत्याच आराखड्यात येत नाहीत.

उपाय आपल्याच राज्यात उभा आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंच परिसरात वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ मार्ग ठेवले असून त्यांतील सर्वांत मोठा ७५० मीटरचा आहे. वाघासह अनेक प्राणी तेथून जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. घाटात एवढे बांधकाम सर्वत्र शक्य नाही, हे मान्य. परंतु पाण्यासाठी मोऱ्या बांधाव्याच लागतात. त्या अरुंद नळ्यांऐवजी रुंद पेटीच्या केल्या, कडेला कोरडी पायवाट ठेवली आणि राडारोडा वेळेवर काढला, तर साळिंदर, उदमांजर, भेकर त्यांतून जाऊ शकतील. गव्यांच्या ठरलेल्या वाटांवर मात्र मोठे भुयारी मार्गच हवेत. सलग संरक्षक भिंतींत ठरावीक अंतरावर मोकळीक आणि उभ्या काठांच्या गटारांना जागोजागी उतार, एवढे तर सहज जमेल.

कर्नाटकातील बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री वाहतूक बंद असते. दूध, भाजीपाला आणि रुग्णवाहिका ज्या घाटांवर अवलंबून आहेत, तेथे मी ती मागणी करणार नाही. वेगमर्यादेची खरी अंमलबजावणी, ओलांडण्याच्या जागी खडबडीत पट्टे आणि वळणांवरच्या गवताची छाटणी मात्र तातडीने व्हावी.

यापुढे या घाटांतील कोणत्याही रुंदीकरणाच्या अंदाजपत्रकाला मंजुरी देण्यापूर्वी वन विभागासोबत किमान एक वर्षाची, पावसाळ्यासह, मृत प्राण्यांची ठिकाणनिहाय नोंद बंधनकारक करावी आणि मोऱ्यांचा आराखडा त्या नोंदीवरून ठरवावा, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
कोल्हापूरचा एक नागरिक