तक्रार पत्र: नोटची वेळ सुधारली की स्वर बिघडतो

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक साहाय्य व उत्पादन विभाग

विषय: आपल्या सीक्वेन्सरच्या (नोटा नोंदवून संपादित करण्याच्या प्रोग्रामच्या) नव्या आवृत्तीत क्वांटाइझ (नोटची वेळ ग्रिडच्या रेघेकडे सरकवणे) केल्यावर पिच बेंड (नोटचा स्वर वर-खाली वाकवण्याची नोंद) मागे राहतो, आणि त्यावर आज मला मिळालेले उत्तर.

महोदय,

आपल्या साहाय्य विभागाशी आज माझे चौथ्यांदा बोलणे झाले आणि फोन ठेवल्याबरोबर मी हे पत्र लिहायला बसले आहे. पियानो रोल (नोटा मांडलेली जाळी), क्वांटाइझ आणि पिच बेंड म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे असे मी धरून चालते, कारण आधीच्या तिन्ही वेळी माझा अर्धा वेळ तेवढे समजावून सांगण्यातच गेला.

नवी आवृत्ती बसवल्यापासून नोट क्वांटाइझ केली की ती हलते, पण तिचा पिच बेंड होता तिथेच राहतो. नोटसोबत कंट्रोलर, म्हणजे बेंडसारख्या नोंदी, हलवण्याची सेटिंग चालू आहे. नोट माउसने ओढली तर ही सेटिंग पाळली जाते, क्वांटाइझ करताना मात्र पाळली जात नाही. जुन्या आवृत्तीत ती दोन्हीकडे पाळली जात होती, त्यामुळे दोष माझ्या फाइलमध्ये किंवा वाजवण्याच्या कीबोर्डमध्ये असण्याचा प्रश्नच येत नाही.

एका नोटचे उदाहरण देते. माझ्या रचनेची लय मिनिटाला ६० ठोके आहे आणि प्रकल्पात एका ठोक्याचे ९६० टिक (वेळेचे बारीक भाग) आहेत, म्हणजे एक टिक साधारण १.०४ मिलिसेकंदांचा होतो. एक नोट ५८ टिक उशिरा वाजली होती. ती अगदी रेघेवर आणली तर हाताने वाजवल्याची खूण पुसली जाते, म्हणून मी क्वांटाइझचे प्रमाण ५० टक्के ठेवले आणि ती अपेक्षेप्रमाणे २९ टिक अलीकडे आली. बेंडची कक्षा वर आणि खाली दोन-दोन सेमीटोन (अर्धस्वर) आहे. ही नोट ४०९६ या मूल्यावर, म्हणजे एक सेमीटोन खालून सुरू होते आणि मींड घेत, म्हणजे सलग सरकत, ८१९२ वर, आपल्या मूळ स्वरावर पोहोचते. आता नोट अलीकडे आली आणि बेंड मागेच राहिला, त्यामुळे पहिले ३० मिलिसेकंद ती थेट मूळ स्वरावर वाजते, मग एकदम सेमीटोनभर खाली कोसळते आणि तिथून पुन्हा चढू लागते. जिथे मींड हवी तिथे ठेच ऐकू येते. ज्या नोटा घाईने वाजल्या होत्या त्या उशिराकडे सरकतात, आणि त्यांच्या मींडीची सुरुवातच कापली जाते.

उलट बाजूनेही तेच घडते. स्वर बदलण्यासाठी नोटा उभ्या दिशेने ओढल्या तर आडवी हालचाल बंद ठेवलेली असूनही त्या जवळच्या ग्रिड रेषेला जाऊन चिकटतात. वेळेला हात लावला की स्वर बिघडतो आणि स्वराला हात लावला की वेळ बिघडते. सीक्वेन्सरमध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या हाताळता येत नसतील तर त्यात संपादन करायचे तरी कसे?

आता आजच्या संभाषणाविषयी. ते जसे झाले तसे आपल्यापर्यंत पोहोचावे, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्या प्रतिनिधीने प्रथम मला प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले. हे मी आधीच्या तिन्ही वेळी केले होते, आजही केले. त्यानंतर ते म्हणाले, "मॅडम, ५० टक्के कशाला ठेवता? शंभर करा, म्हणजे सगळे सरळ होईल." मी सांगितले की शंभर टक्के केल्यास नोट २९ ऐवजी ५८ टिक सरकेल आणि नोट व बेंड यांच्यातील अंतर दुप्पट होईल. यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "तीस मिलिसेकंद म्हणजे किती कमी, ते तुम्हाला माहीत आहे का? एवढा फरक कोणाला ऐकू येतो?" मी त्यांना आधी पाठवलेली दोन ध्वनिमुद्रणे, क्वांटाइझच्या आधीचे आणि नंतरचे, ऐकण्याची विनंती केली. ती त्यांनी उघडलीही नव्हती. ऐका, मी थांबते, असे म्हटल्यावर उत्तर आले, "मॅडम, तुम्ही हे व्यवसाय म्हणून करता की आवड म्हणून?" मी कारण विचारले, तर ते म्हणाले की व्यावसायिक लोक अशा तक्रारी करत नाहीत. त्यानंतर मला अठरा मिनिटे फोनवर थांबवून ठेवले आणि शेवटी सांगण्यात आले की सगळे बेंड पुसून हाताने पुन्हा काढावेत.

माझ्या तीन ट्रॅकमध्ये बेंड असलेल्या २१४ नोटा आहेत. प्रत्येक मींड मी कीबोर्डवरचे बेंडचे व्हील फिरवून वाजवलेली आहे, माउसने रेघ ओढून काढलेली नाही. ती पुसा असे ज्यांना इतक्या सहज सांगता येते, त्यांनी सीक्वेन्सरमध्ये एक ओळ तरी वाजवून पाहिली आहे का, असा प्रश्न मला पडतो. आणि मी हे आवडीने करते की पोटासाठी, याचा बेंड मागे राहण्याशी काय संबंध?

पिच बेंड हा नोटचा भाग नसून चॅनेलचा, म्हणजे त्या मार्गावरच्या सगळ्या नोटांना लागू होणारा, संदेश आहे, असे तांत्रिक उत्तर आपण द्याल याची मला कल्पना आहे. १९८३ च्या मूळ मिडीमध्ये, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांच्यातील संदेशांच्या पद्धतीत, तसेच आहे. पण नेमकी म्हणूनच नोट आणि बेंड एकत्र हलवण्याची जबाबदारी सीक्वेन्सरवर येते, आणि आपल्याच जुन्या आवृत्तीने ती नीट पार पाडली होती. माझ्या तिन्ही ट्रॅकमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच नोट वाजते, त्यामुळे कोणता बेंड कोणत्या नोटचा हा गोंधळही होऊ शकत नाही.

ज्या प्रोग्रामवर मी इतकी वर्षे विसंबले, त्याच्या कंपनीकडून हे ऐकावे लागले याचे मला खरोखर दुःख झाले. क्वांटाइझमध्ये बेंड नोटसोबत हलला पाहिजे, ही दुरुस्ती कधी येणार ते सात दिवसांत लेखी कळवावे आणि तोपर्यंत वापरण्यासाठी मला जुनी आवृत्ती उतरवून घेऊ द्यावी. दोन्हींपैकी काहीही झाले नाही तर मी सगळे प्रकल्प मिडी फाइलमध्ये काढून दुसऱ्या सीक्वेन्सरवर नेईन, परवान्याचे पैसे परत मागेन आणि ती दोन्ही ध्वनिमुद्रणे सर्वांना ऐकता येतील अशी ठेवीन.

आपली एक ग्राहक

ता. क. हे पत्र लिहीत असतानाच, समस्या सुटल्यामुळे माझी तक्रारीची नोंद बंद केल्याचा संदेश आला आहे. समस्या सुटलेली नाही. बेंड अजूनही मागेच राहतो. नोंद आजच पुन्हा उघडावी आणि दोन्ही ध्वनिमुद्रणे तिला जोडावीत.