सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र : चावडी देण्याचा शब्द पाळावा

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठावरील आमच्या तालुक्याच्या गावात जुन्या चावडीच्या तीन खोल्यांमध्ये एक स्थानिक इतिहास संग्रहालय चालते. तेथे पगारी माणूस एकही नाही. निवृत्त शिक्षक, एके काळी तलाठी असलेले एक गृहस्थ, काही शेतकरी आणि महाविद्यालयात शिकणारी मुले आळीपाळीने ते उघडतात, झाडून घेतात आणि येणाऱ्याला हिंडून दाखवतात. ही चावडी संग्रहालयाला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जाईल, असे आश्वासन भर सभेत, टाळ्यांच्या गजरात देण्यात आले होते. त्या शब्दावर विसंबून आम्ही वर्गणी काढून कौले बदलली. गेल्या आठवड्यात हातात पडली ती मात्र जागा रिकामी करण्याची नोटीस, आणि तिची मुदत संपण्याची वाटही न पाहता माणसे कुलूप तोडून आत शिरली. तेथे आता व्यापारी गाळे व्हायचे आहेत, असे कळते.

त्या ओढाताणीत आमच्याकडचे जोर्वे संस्कृतीचे, म्हणजे या खोऱ्यातल्या प्राचीन शेतकरी वस्त्यांच्या काळातले, तोटीचे भांडे फुटले. उभट गळ्याचे, तांबड्या अंगाचे आणि खांद्यावर काळ्या रंगात तिरप्या रेघांची जाळी काढलेले ते भांडे नांगरटीत वर आलेल्या खापरांतून आम्ही तुकड्याला तुकडा जुळवून उभे केले होते. ही भांडी इतकी पक्की भाजलेली असतात की खापरावर टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. शाळेची मुले आली की प्रत्येकाला एक सुटे खापर देऊन आम्ही तो नाद ऐकवत असू. तीन हजार वर्षांपूर्वी याच नदीचे पाणी पिणाऱ्या कुणा कुंभाराच्या हातचे ते काम गोणपाटात भरून ट्रॅक्टरमध्ये टाकण्यात आले, आणि आम्ही अडवू लागलो तेव्हा ‘मडकीच आहेत ना?’ असे उत्तर मिळाले.

महोदय, ही मडकी कोणत्या खोऱ्यातील आहेत, हे आपल्या खात्याला मी सांगावे, याचेच मला दुःख होते. ज्या गावावरून या संस्कृतीला नाव मिळाले ते जोर्वे याच प्रवरेच्या काठी आहे. तेथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. खाली नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलिया यांनी खोदकाम केले. याच नदीकाठच्या दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी साठ किलोंहून अधिक वजनाची ब्राँझची शिल्पे सापडली. ती सर्व मोठ्या शहरांतील संग्रहालयांत गेली. तेथे ती सुरक्षित आहेत, हे मी मानते. पण ज्या मातीतून ती निघाली तेथील मुलांनी ती पाहायची कशी? आमच्या वाट्याला उरली ती खापरे, आणि आता ती ठेवायलाही तीन खोल्या नाहीत.

या भागात जुन्या वस्तीच्या टेकाडाला लोक पांढर म्हणतात. तिची राखट माती शेताला कसदार म्हणून पूर्वी बैलगाडीने जाई. आता जेसीबी लावून एका दिवसात टेकाडच सपाट होते आणि पुढच्या हंगामात तेथे ऊस उभा राहतो. आम्ही पोरांना घेऊन त्या मातीमागे धावतो आणि शेतकऱ्याच्या हातापाया पडून मणी, खापरे, दगडी पाती वेचून आणतो. हे काम करायला कोणतेही खाते तेथे कधी आलेले मी पाहिले नाही. जमिनीत धन सापडले तर कळवण्यासाठी १८७८ चा कायदा आहे, पुरावस्तूंच्या नोंदणीसाठी १९७२ चा कायदा आहे. आमच्याकडील दगडी मूर्तींची रीतसर नोंद व्हावी म्हणून आम्ही अर्ज केले, पोच घेतली, खेटे घातले. अजून कुणी मूर्तींकडे पाहायलाही आलेले नाही.

पावसाळ्यात चावडीच्या मागच्या भिंतीतून पाणी झिरपले आणि मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, भिजले. दुरुस्तीची परवानगी मागितली, तर एक खाते म्हणाले, जागा आमची नाही. दुसरे म्हणाले, विषय आमचा नाही. ते कागद मी माझ्या घरी नेले. पंख्याखाली, टीपकागदाच्या घड्यांमध्ये एकेक पान सोडवत बसले. बुरशीने मला दम्यासारखा खोकला जडला, निवृत्तीच्या पैशांतून काचेची कपाटे केली म्हणून घरात बोलणी खाल्ली, आणि तरीही काही रुमालांची पाने एकमेकांना अशी चिकटली आहेत की ती सोडवणे आम्हा हौशी माणसांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यांत कुणाच्या जमिनीचे, कुणाच्या वतनाचे, कुणाच्या कर्जाचे कागद आहेत, ते आता कोण वाचणार?

आपल्या सांस्कृतिक वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ५१-क सांगते. आम्ही ते पाळले. मग पाळणाऱ्याचे कुलूप कोणत्या कायद्याने तोडले जाते? वारशाच्या नावाने महोत्सवांचे मांडव पडतात, कमानी उभ्या राहतात, भाषणांत इतिहासाचा जयघोष होतो. आणि त्या इतिहासाचा प्रत्यक्ष तुकडा हातात घेऊन कुणी दारात उभे राहिले की त्याच्या तोंडाला पाने पुसली जातात. गावांना इतिहास नसतो, तो राजधान्यांना आणि किल्ल्यांनाच असतो, असे या यंत्रणेने ठरवून टाकले आहे. ज्या शेर, पायली आणि मणाने आमच्या आजोबांनी धान्य मोजून दिले, ज्या मोटेने विहिरी उपसल्या, १९७२ च्या दुष्काळात ज्या टिकाव-पाट्यांनी खडी फोडली आणि वाहिली, त्या वस्तू भंगारात गेल्या तरी कुणाला त्याचे काही वाटत नाही.

आमचे मागणे मोठे नाही. चावडीचा भाडेपट्टा लेखी द्यावा आणि तोपर्यंत हलवाहलव थांबवावी. नेलेल्या वस्तूंची यादी आमच्या समक्ष करून त्या परत कराव्यात. भिजलेल्या कागदांसाठी जतनतज्ज्ञ आणि मूर्तींच्या नोंदणीसाठी अधिकारी पाठवावा. अनुदान दिलेत तर आभारी राहू. न दिलेत तरी संग्रहालय उघडे राहील, कारण ते आजवर अनुदानावर चाललेले नाही.

उरलेल्या वस्तू आम्ही गोदामात जाऊ देणार नाही. मी आणि माझे सहकारी चावडीच्या ओट्यावर पाळीने बसलो आहोत. आपल्याकडून कोण आणि कोणत्या तारखेला येणार, एवढे लेखी कळवावे.

आपली,
संग्रहालयाची एक स्वयंसेविका, निवृत्त शिक्षिका