टूमस्टोनच्या मंडळीची गोष्ट

टूसॉन, ॲरिझोना

प्रिय आजोबा,

सप्रेम सलाम.

आपल्या चर्चच्या मंडळीच्या इमारतीसाठी परमिट रूमवाल्याची देणगी घ्यावी की नाही, यावरून पंचांत फूट पडल्याचं वाचलं. माझं मत विचारलंत, म्हणून इथल्याच, ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावाची गोष्ट सांगते. नुकतीच तिथलं सेंट पॉल्स चर्च पाहून आले.

१८७७ मध्ये त्या माळावर चांदी सापडली आणि पाहता पाहता गाव उभं राहिलं. खाणकामगार, व्यापारी, जुगारी, गुरंचोर, सगळेच आले. ऑक्टोबर १८८१ मध्ये भरदिवसा गोळीबार होऊन तिघं मेले. पुढच्या जानेवारीत एंडिकॉट पीबडी नावाचा होतकरू पाळक घोडागाडीतून तिथे उतरला. वय चोवीस, मॅसॅच्युसेट्सच्या श्रीमंत घरातला, सेमिनरीचं, म्हणजे पाळक होण्याचं, शिक्षण अजून अर्धवट, दीक्षाही झालेली नव्हती. एपिस्कोपल मंडळी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले अमेरिकेतले अँग्लिकन, तिथे मूठभरच. हक्काची इमारत नव्हती, दुसऱ्याच्या जागेत उपासना चालायची.

हा माणूस खाणकामगारांबरोबर बेसबॉल खेळला, बॉक्सिंगला उतरला. चर्चसाठी वर्गणी मागायला तो थेट गुत्त्यात, पत्त्यांच्या डावापर्यंत गेला आणि जुगाऱ्यांनी हात आखडता घेतला नाही, असं तिथे अजून सांगतात. मला यात त्याची हुशारी दिसत नाही, आदर दिसतो. त्यानं त्या माणसांनाही गावातले धरलं, आपल्यातले धरलं.

मे १८८२ मध्ये आगीत बाजारपेठेचा मोठा भाग जळाला. तरी जूनमध्ये कच्च्या विटांच्या त्या चर्चमध्ये पहिली उपासना झाली. लगेच जुलैमध्ये पीबडी परत गेला. (पुढे त्यानं ग्रोटन शाळा काढली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट तिथलेच विद्यार्थी.) खाणींत पाणी भरू लागलं, १८८६ मध्ये पाणी उपसण्याचं पंपघर जळालं, लोक गाव सोडून गेले. मागे राहिलेल्या थोड्यांनी मंडळी टिकवली. त्या चर्चमध्ये आजही उपासना होते.

आजोबा, पाळक बदलून गेल्याचं दुःख तुम्ही लिहिलंय, ते मला कळतं. पण आपली मंडळी पाळकांच्या आधीही होती. परमिट रूमवाल्या काकांची आई आयुष्यभर पहिल्या बाकावर बसली. त्यांचे पैसे परत केले, तर ते परत त्या दारात पाऊल टाकणार नाहीत.

बैठकीत हे पत्र वाचून दाखवा. माझी वर्गणी दादाकडे पाठवते आहे. यादीत माझं नाव काकांच्या नावाखाली लिहा. आणि आजीला सांगा, गुडघ्याचं तेल पोचलं.

तुमची नात