अण्णांच्या कोलोनोस्कोपीआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

अण्णांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, गुरुवारी सकाळी ११ वाजता ठरल्याचं तू कळवलंस. ते रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण घेतातच, मग वेगळी तयारी कशाला, असंही विचारलंस. तयारी वेगळीच करावी लागते. चूर्णाने पोट साफ झालं असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा मोठ्या आतड्याचा डावीकडचा शेवटचा भाग तेवढा रिकामा झालेला असतो. कॅमेऱ्यासाठी पार उजव्या टोकापर्यंत, म्हणजे लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथपर्यंत, भिंत धुतल्यासारखी दिसावी लागते.

या सगळ्यात माणसं चुकतात ती औषधाच्या नावात कमी आणि वेळेत जास्त. म्हणून आधी चूर्णाचंच सांगतो. सोनामुखीतलं द्रव्य लहान आतड्यातून जसंच्या तसं पुढे सरकतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याला फोडतात, तेव्हा कुठे खरं औषध तयार होतं. ते आतड्याच्या नसांना चेतवतं आणि पाणी आत शोषलं जाऊ देत नाही. याला ६ ते १२ तास लागतात. रात्री ९ ला घेतलं तर सकाळी कळ येणार. बिसाकोडिलच्या गोळीचा, म्हणजे डल्कोलॅक्सचा, हिशेबही तोच. मोठ्या माणसाला ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे एक किंवा दोन गोळ्या. या गोळीवर एक आवरण असतं, ते जठरात न विरघळता आतड्यात गेल्यावर विरघळावं अशी योजना आहे. गोळी चावली, कुटली, किंवा दुधाबरोबर वा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली, तर आवरण जठरातच सुटतं आणि पोटात पिळवटून येतं. अण्णांना रात्री हळद-दूध लागतं ना? मग गोळी आणि दूध यांत निदान तासाभराचं अंतर ठेव.

नेहमी दिसणारी चूक अशी: रात्री ९ ला गोळी घेतली, ११ पर्यंत काहीच नाही, म्हणून आणखी दोन घेतल्या. पहाटे सगळ्या एकदम लागू पडतात, मुरडा येतो, घेरी येते आणि वयस्कर माणूस न्हाणीघरात पडतो. लवकर परिणाम हवा असेल तर त्यासाठी गुदद्वारात ठेवायची १० मिलिग्रॅमची बत्ती आहे, ती १५ मिनिटांपासून तासाभरात काम करते. एरंडेलाची गोष्ट आणखी निराळी. ते लहान आतड्यातच काम सुरू करतं आणि २ ते ६ तासांत मोकळं करतं. म्हणून जुन्या घरांत ते सकाळी उपाशीपोटी देत, झोपताना नाही. गरोदर बाईला ते देऊच नये.

'सवय लागून आतडं निकामी होतं' ही भीती तुझ्या मनात आहे, ती थोडी सैल कर. नेमून दिलेल्या मात्रेत या औषधांनी आतडं कायमचं लुळं पडतं, याला भक्कम पुरावा नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संस्थांनी २०२३ मध्ये जुन्या बद्धकोष्ठावर मिळून मार्गदर्शन दिलं. त्यात बिसाकोडिल आणि त्याच जातीचं सोडियम पिकोसल्फेट ही दोन्ही चार आठवड्यांपर्यंत रोज, किंवा अडल्यावेळी, घेण्याची शिफारस आहे. खरा धोका मनाने मात्रा वाढवत नेण्यात आहे. सतत पातळ होत राहिलं तर पोटॅशियम उतरतं, आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ते आणखी खाली जातं. अण्णांच्या अहवालात 'मेलॅनोसिस कोलाय' असे शब्द आले तर दचकू नकोस. वर्षानुवर्षं सोनामुखी घेणाऱ्यांच्या आतड्याची भिंत काळपट दिसते, एवढाच त्याचा अर्थ. तो कर्करोग नाही, आणि चूर्ण थांबवल्यावर काही महिन्यांत डाग जातात.

आता तयारी. रुग्णालयाने दिलेल्या कागदावर वेगळी वेळ असेल तर तीच पाळ. माझं हे सांगणं त्यामागचं कारण कळावं म्हणून आहे.

लोहाची गोळी चालू असेल तर आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, कारण तिने मळ काळा आणि चिकट होतो. तीन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाज्या, कडधान्यं, पेरू, डाळिंब, तीळ, शेंगदाणे बंद. बिया आणि साली दुर्बिणीच्या नळीत अडकतात, आणि वांग्या-टोमॅटोच्या बिया तर भिंतीला चिकटून राहतात. मऊ भात, इडली, साल काढलेला बटाटा, अंडं, दही चालेल. इसबगोलही या दिवसांत नको. त्याचा बुळबुळीत गोळा आतड्यात राहतो.

बुधवारी दुपारी हलकं जेवण, त्यानंतर फक्त पारदर्शक पातळ पदार्थ: गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा, वरणाची गाळलेली निवळी, मलई काढलेलं शहाळ्याचं पाणी. मूत्रपिंड कमजोर असेल तर शहाळं टाळ, त्यात पोटॅशियम बरंच असतं. कोकम सरबत आणि बिटाचा रस अजिबात नको, आत लाल दिसलं की रक्त आहे की रंग हे कळत नाही.

आतडं धुण्याच्या पेगलेकसारख्या औषधाच्या पाकिटात १३७.१५ ग्रॅम पावडर असते, ती २ लिटर पाण्यात विरघळवायची. हे औषध शोषलं जात नाही. पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी आतडं धुऊन खाली येतं. त्यात क्षार मोजून घातलेले असतात, म्हणून पाणी कमी करू नकोस आणि साखर घालू नकोस. साखरेवर आतड्यातले जिवाणू वायू तयार करतात. गार करून, नळीने, दर १० ते १५ मिनिटांनी २५० मिलिलिटरचा पेला प्यायला द्यायचा. अण्णा एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करतील, तेव्हा मध्ये लिंबाची फोड चोखू दे.

वेळेचा मुद्दा इथेच सगळ्यात महत्त्वाचा. दोन्ही लिटर रात्रीच संपवून 'सकाळी निवांत' असं करू नकोस. पहिला लिटर बुधवारी संध्याकाळी ७ ला, दुसरा गुरुवारी पहाटे साडेपाचला सुरू करून ७ पर्यंत संपव. रात्रभर पित्त आणि चिकट स्राव वरून उतरतच राहतो. तो आतड्याच्या उजव्या भागात पिवळ्या सायीसारखा बसतो आणि चपटे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या भिंतीवर वाढणारे उंचवटे, नेमके त्याखाली दडतात. पहाटेचा लिटर ती साय धुतो. तपासणीआधीचे शेवटचे दोन तास मात्र घोटभर पाणीही नाही, कारण भूल देताना उलटी फुप्फुसात जाऊ शकते.

यासोबत बिसाकोडिल लिहून दिलं असेल तर कागदावर जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्याच दे. अमेरिकेत पूर्वी अशा तयारीत २० मिलिग्रॅम देत. काही रुग्णांत आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडून इजा झाल्याचं दिसल्यावर ते आधी १० आणि मग ५ वर आणलं. पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियमची पुडी दिली असेल तर लक्षात ठेव, पाण्यात ढवळताना ती गरम होते. निवल्यावर द्यायची. ती घेताना नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागतो, म्हणून क्षार असलेले द्रव द्यावेत. मूत्रपिंड कमजोर असलेल्याला ही पुडी देत नाहीत. आतडं साफ करायचं सोडियम फॉस्फेट तर अण्णांच्या वयात घेऊच नये. त्याने मूत्रपिंडाला इजा होते म्हणून २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने कडक इशारा दिला.

मधुमेहाच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारं औषध यांबद्दल आजच डॉक्टरांना फोन कर. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी तीन दिवस आधी थांबवावी लागते, म्हणजे बुधवारी विचारून उशीर होईल.

मळमळलं तर अर्धा तास थांब, मग पेल्यांमधलं अंतर वाढव. पण पोट फुगून टणक झालं, उलट्या थांबत नाहीत आणि खालून काहीच बाहेर येत नाही, असं झालं तर पुढचा पेला देऊ नकोस, सरळ रुग्णालयात फोन कर. आतडं अडलेलं असेल तर जुलाबाचं औषध घातक ठरतं. सगळं नीट चाललं, तर सकाळी शेवटी येणारं पाणी लघवीसारखं पिवळं, आरपार दिसणारं असेल. गढूळ किंवा तपकिरी येत असेल तर ते लपवू नकोस, निघण्याआधी कळव, म्हणजे तिथे आणखी औषध किंवा एनिमा देता येईल.

तपासणीनंतर दोन-तीन दिवस अण्णांना शौचाला होणार नाही. आतडं रिकामं असतं म्हणून, बद्धकोष्ठ झालं म्हणून नव्हे. लगेच चूर्णाचा डबा काढू देऊ नकोस. पोटात जोराची कळ, ताप किंवा रक्त दिसलं तर मात्र रात्र असली तरी थांबू नका.

पाकिटावरचं नाव आणि अण्णांच्या चालू गोळ्यांची यादी मला आज रात्री पाठव.

तुझा मित्र