तुझ्या एअर रायफलच्या ड्रॉइंगबद्दल

प्रिय बाळ,

तू पाठवलेलं ड्रॉइंग मोबाईलवर नीट दिसेना म्हणून झेरॉक्सवाल्याकडनं ए३ वर प्रिंट काढून घेतली आणि आता टेबलावर पसरून बसलोय. पहिलं हे सांगतो की ड्रॉइंग चांगलं काढलंयस. सेक्शन व्ह्यू बरोबर आहे, ओ-रिंगच्या (हवा अडवायच्या रबरी कडीच्या) खाचांना टॉलरन्स दिलायस, पिनला फिट लिहिलंयस, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला हे कोण करतं गं. आईला दाखवलं तर ती म्हणाली पोरगी बंदूक करूलालीय आणि तुम्ही कौतुक करूलालाय. दोन्ही खरं आहे. फोनवर तू नुसतं हो बाबा हो बाबा करतेस आणि पुढचा विषय काढतेस, म्हणून हे लांबलचक लिहितोय, सगळं वाच.

तुला हीच वस्तू का करावीशी वाटली ते मला कळतंय. लेथवर बसणाऱ्या माणसाला एअर रायफल म्हणजे एका जॉबमध्ये सगळी परीक्षा आहे. बॅरल सरळ पाहिजे, बोअर म्हणजे आतलं भोक मधोमध पाहिजे, पिस्टन घासून बसला पाहिजे पण अडकता कामा नये, सील गळता कामा नये, ट्रिगरचं पोलाद बरोबर कडक झालं पाहिजे आणि शेवटी लाकूडकामसुद्धा आलंच. आणि दारू नाही, केप नाही, नुसत्या हवेवर चालतं, हे ऐकायलाच भारी वाटतं. जुनं पण आहे हे काम. ऑस्ट्रियाच्या सैन्यात १७८० च्या सुमारास जिरांडोनी नावाच्या कारागिराची हवेची रायफल होती, वीसच्या वर गोळ्या एकामागून एक सुटायच्या, हवा मागच्या दस्त्यातल्या टाकीत, आणि ती टाकी हातपंपाने भरायला १५०० च्या आसपास झटके मारावे लागायचे. अमेरिकेत लुईस आणि क्लार्क हे शोधप्रवासी १८०४ साली पश्चिमेकडे निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर हवेची रायफल होती, वाटेतल्या लोकांना ती चालवून दाखवायचे. पण त्या ऑस्ट्रियन रायफलीचं सैन्यात फार दिवस का जमलं नाही बघ, चामड्याची सील ओली ठेवावी लागायची, टाक्या गळायच्या, बनवायला अवघड आणि दुरुस्तीला त्याहून अवघड. नेम धरणं किंवा बॅरल बनवणं यापेक्षा कठीण होतं हवा धरून ठेवणं. तुझ्या ड्रॉइंगमध्ये पण मला तीच जागा खुपतेय.

तू हवेची टाकी २५ मिमी बोअरची दाखवलीस आणि बाजूला दाब २०० बार लिहिलंस. आता तू बेळगावची पोरगी, उद्यमबागेत वाढलीस, इथं हायड्रॉलिकचे सिलिंडर रोज २०० बारला टेस्ट होताना बघितलेस, म्हणून तुला २०० हा आकडा साधा वाटतोय. पण तिथं आत तेल असतं. तेल दाबलं तरी जवळपास दबतच नाही, त्यामुळे सील फुटलं की चिरकांडी उडते आणि दाब लगेच खाली येतो (ती चिरकांडीपण बेकार, त्वचेत घुसते, तिच्याजवळ हात न्यायचा नाही हे तुला लहानपणापासून सांगतोय). हवा तशी नाही. हवा दबून बसलेली असते आणि मोकळी झाली की २०० पट व्हायला बघते. तेलाचे २०० आणि हवेचे २०० यात जमीन अस्मानाचा फरक आहे. म्हणून तर टाक्या पाण्याने टेस्ट करतात, फुटली तरी पाणी नुसतं सांडतं. सीएनजीच्या गाडीची टाकी साधारण २०० बारलाच भरतात, ती सर्टिफिकेट असलेली टाकी असते आणि तरी दर ३ वर्षांनी पाण्याच्या दाबाने टेस्ट करून आणायला लागते.

हिशोब करूया, तुला हिशोब आवडतो. २०० बार म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर २० न्यूटन. २५ मिमी बोअरचं क्षेत्रफळ साधारण ४९० चौरस मिमी. म्हणजे तुझ्या त्या मागच्या प्लगवर ९८०० न्यूटन, धर एक टन. आपली जुनी मारुती ८०० पेक्षा जास्त वजन त्या एवढ्याशा प्लगला बाहेर ढकलत बसणार, आणि तो प्लग तू बंदूक खांद्याला लावल्यावर तुझ्या गालाजवळ येतोय. दुसरा हिशोब, १० मीटरच्या मॅच रायफलीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास आणि वेग सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास, म्हणजे ८ जूल. आणि तुझ्या २०० सीसीच्या टाकीत भरलेली हवा एकदम सुटली तर हजारो जूल. तू सगळा विचार त्या ८ जूलचा केलायस, बॅरल, छर्रा, नेम, सगळं. माझी झोप उडालीय ती त्या हजारोंनी.

आणि तू पाईप कुठला लिहिलायस, सीमलेस, बस. कुठल्या ग्रेडचा, कुणाचं टेस्ट सर्टिफिकेट, आत चरे आहेत का, काय नाय. भंगारातनं आणलेल्या पाईपवर कागदात कितीही फॅक्टर ऑफ सेफ्टी काढ, ज्या मटेरियलचा स्ट्रेंथ आपल्याला माहीतच नाय त्याला तो हिशोब लागू पडत नाय. त्यात आटे पाडले की आट्याच्या मुळाशी भिंत बारीक होते, तिथंच ताण गोळा होतो, पहिल्या दिवशी काय होणार नाय, भर आणि रिकामी कर, भर आणि रिकामी कर असं करत करत कधीतरी तडा जातो आणि तो आधी दिसत नाय. लेथवर चुकलं तर जॉब स्क्रॅप होतो, दुसरा रॉड लावायचा. हे चुकलं तर तसं नाय.

मग तू म्हणशील टाकी नको, स्प्रिंगची करते. तेपण मी विचार करून बघितलं. स्प्रिंगवाल्यात साठवलेली हवा नसते, घोडा सुटला की पिस्टन पुढे धावतो आणि मिलिसेकंदात समोरची हवा दाबतो, ती एवढी गरम होते की सिलिंडरमध्ये साधं तेल राहिलं तर पेट घेतं, डिझेल इंजिनसारखं, आणि सीलची वाट लागते. डिझाईन म्हणून फार सुंदर आहे ते. पण इथं दुसरी गोष्ट आडवी येते, कायदा. आपल्या देशात एअर गन घरी बनवायची तर मॅन्युफॅक्चरिंगचं लायसन्स लागतं, शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याचे नवे नियम २०१६ चे. विकत घ्यायची असेल तर ४.५ मिमीची आणि २० जूलच्या आतली तुला लायसन्सशिवाय मिळते, दुकानदार ओळखपत्र आणि पत्ता बघून नोंद करून ठेवतो, झालं. त्याच्या वरच्या बोअरला किंवा वरच्या ताकदीला लायसन्स. बाहेरच्या देशांत लोक गॅरेजमध्ये बनवतात ते तू बघितलंस, त्यांचे नियम त्यांच्याकडे. आपण सीमेवरची माणसं, साध्या कागदासाठी पण किती खेटे घालतो तुला माहीत आहे, त्यात विनालायसन्स शस्त्राची केस तुझ्या नावावर नको. एनसीसीचं सी सर्टिफिकेट घेऊन तुला पुढं जायचंय ना. म्हणून टाकीची नाय, स्प्रिंगची नाय, बंदूक आपल्या शेडमध्ये होणार नाय. यावर वाद घालू नकोस.

पण लेथ तुझाच आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत तुला रिकामं बसवणार नाय. मी दोन कामं काढून ठेवलीत.

पहिलं, ऑसिलेटिंग इंजिन. छोटं, १२ मिमी बोअर, २० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), आपल्या कॉम्प्रेसरवर ३ बारला चालणारं. १२ मिमीच्या पिस्टनवर ३ बारला किती जोर येतो काढून बघ, साडेतीन किलोसुद्धा नाय. पण पिस्टन आणि सिलिंडरचं जे काम तुला रायफलीत करायचं होतं ते सगळं यात आहे, जरासुद्धा कमी नाय. सिलिंडर पितळेचा, आधी ड्रिल, मग बोअरिंग, मग रीमर मारून भोक नेमक्या मापाला, शेवटी लॅपिंग म्हणजे बारीक पेस्टने घासणं. पिस्टन इतका बसला पाहिजे की सिलिंडरच्या एका तोंडाला बोट लावून वरनं पिस्टन सोडला तर तो हवेवर तरंगत राहिला पाहिजे, हळूहळू उतरला पाहिजे, आणि बोट काढलं की टक्कन पडला पाहिजे. ओ-रिंग नाय, काय नाय, नुसत्या फिटवर. हे ज्याला जमलं त्याला हवा धरून ठेवायला जमलं असं मी समजतो. यात व्हॉल्व्ह वेगळा नसतो, सिलिंडर स्वतःच डुलतो आणि त्याच्या तोंडावरचं भोक कधी हवेच्या भोकासमोर येतं कधी बाहेर सोडायच्या भोकासमोर, त्यामुळे ते दोन चेहरे आरशासारखे सपाट पाहिजेत. काचेवर ६०० चा पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यात घासायचं, घाई करायची नाय, कडा गोल झाल्या की हवा तिथनं पळते. फ्लायव्हील मात्र कास्टिंगचं घेऊया. गावात एवढ्या फौंड्र्या असताना रॉड कापून चाक कशाला करायचं, तू लाकडाचा पॅटर्न कर, आकुंचन धरून थोडा मोठा कर, ड्राफ्ट (साच्यातनं सुटायला बाजूंचा उतार) द्यायला विसरू नकोस, ओतून आणायचं मी बघतो. कास्ट आयर्न टर्न करताना नाकाला रुमाल बांध, काळी धूळ उडते, आणि काम झालं की लेथचे वेज (बेडवरच्या सरकायच्या पट्ट्या) पुसून तेल लाव, ती धूळ बेड खाते.

दुसरं काम नेमबाजीचंच आहे. तुला १० मीटरमध्ये उतरायचं असेल तर मी ४.५ ची साधी रायफल घेऊन देतो, पावतीसकट. त्या खेळात टार्गेटचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्रा साडेचारचा, म्हणजे ठिपक्यापेक्षा छर्रा नऊ पट रुंद. तिथं बंदूक घरची की विकतची याने काय होत नाय, ती तुझ्या गालाला आणि खांद्याला रोज त्याच जागी बसते का याने होतं. तर गालाखालचा चीकपीस आणि मागची बटप्लेट, वरखाली आणि पुढंमागं सरकणारी, ॲल्युमिनियममध्ये तू बनव. ढिलं न होणारं क्लॅम्पिंग काढणं हे खरं डिझाईनचं काम आहे, त्या स्लाइडमध्ये जरासा जरी खेळ राहिला तरी टार्गेटच्या कार्डावर दिसतो. मात्र बॅरल, स्प्रिंग, ट्रिगर याला स्क्रूड्रायव्हर लावायचा नाय. आणि छर्रा अडवायला पेटी पण तूच कर, आत तिरकी जाड पत्र्याची प्लेट, म्हणजे शिसं खाली पडेल आणि उलटं येणार नाय. डोळ्याला गॉगल असल्याशिवाय कोणी त्या लाईनवर उभं राहायचं नाय, तुझा भाऊपण नाय. शिशाला हात लागतो, धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाय. आणि झाडावरच्या कुठल्याही पाखरावर नेम धरलेला मला चालणार नाय, खानापूरला आजीकडे गेलीस तरी नाय, तिथं तर भीमगडचं जंगल जवळ आहे.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली तेव्हा तू बालवाडीत पण नव्हतीस. राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ते तू टीव्हीवर उड्या मारत बघितलंस. दोघांचा खेळ ५० मीटरचा, पण गावं बघ, इथनं एसटीने गाठता येतील अशी. त्यामुळे तुला जमणार नाय असलं माझ्या मनात काय नाय, उलट तुझा हात स्थिर आहे हे मी डायल लावताना बघतो, जॉबचा रनआऊट (फिरतानाचा डुलणं) काढताना तू माझ्यापेक्षा शांत असतेस.

तर आता एवढं कर. इंजिनचं ड्रॉइंग परीक्षेनंतरच काढायला घे, आधी नको. बोअर, स्ट्रोक मी वर लिहिलाय, बाकी मापं तू ठरव आणि का ठरवलीस ते बाजूला लिही, मी विचारणार. पितळेचा ३० मिमीचा रॉड मी इथं घेऊन ठेवतो, १२ चा रीमर टूलरूममधनं मागून आणतो, तो बोथट आहे का ते आधी भंगार तुकड्यावर बघू. फ्लायव्हीलचा पॅटर्न मात्र तुझ्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच करून आण, तिथं लाकडाचा लेथ आहे, आपल्याकडे नाय. येताना गॉगल विसरू नकोस, माझ्याकडच्या दोन्ही काचा चरे पडून पांढऱ्या झाल्यात. आईने सांगितलंय केसांचा बुचडा घट्ट बांधून लेथजवळ जायचं आणि ओढणी शेडच्या बाहेर ठेवायची, आणि यात मी पूर्ण तिच्या बाजूचा आहे.

तुझे
बाबा