तुझं कुलूप

प्रिय बंड्या,

सात महिने चिठ्ठी नाही की चपाटी नाही. शिव्या फोनवर घाल. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू.

मंगळवारी रात्रपाळीत धुलाई चालू असताना छोटूचा हात माल पुढे ढकलणाऱ्या स्क्रू कन्व्हेयरमध्ये गेला. गार्ड उघडल्याशिवाय तो आतून धुता येत नाही, हे तुला काय सांगायचं! गार्ड उघडला की मोटर मरायला हवी. मेली नाही, कारण गार्डवरच्या लिमिट स्विचची दांडी दाबून केबल टाय मारलेला होता. मीच. मार्चमध्ये. लाइन सारखी ट्रिप व्हायची, म्हटलं तासाभरापुरतं. पलीकडच्या पॅनलवरून कुणीतरी स्टार्ट दाबलं. स्क्रूने आधी हातमोजा धरला.

इमर्जन्सी स्टॉप लागला, पण थांबलेला स्क्रू हात सोडत नाही. "उलटा मारा" म्हणून सगळे ओरडत होते. मोटरवर मारू दिला नाही. कपलिंग सोडवून शाफ्ट हाताने जरा जरा मागे घेतला. बोट आत तुटलेलं. तात्या ते थेट बर्फाच्या बादलीत टाकत होता. तेव्हा तुझी फर्स्ट एडची टकळी आठवली (त्या तासाला मी झोपलो नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो): स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, पिशवीत बांधा, पिशवी बर्फावर. गार राखलं तर 24 तास, नाहीतर 12. आम्ही दोन तासांत पोचलो. तरी जोडता आलं नाही. सुरीने कापलेलं वेगळं, पिळून उपटलेलं वेगळं. शिराच धड राहत नाहीत.

मशीन कुणी चालू करू नये म्हणून तू कुलूप घातलंस आणि किल्ली खिशात टाकून घरी गेलास, तेव्हा मी अख्खी पाळी तुझ्या नावाने बोंबललो होतो. शेवटी कटरने तोडलं. वर तुझ्या लग्नात आहेर म्हणून कुलूपच दिलं! किल्ली घरी नेणं चूकच होतं, हे अजूनही म्हणतो. पण त्या रात्री आत हात घातलेला माणूस तू होतास, हे मी विचारलंच नव्हतं.

आता फॉर्म आलाय. 'अपघाताचे कारण' या रकान्यात साहेबांनी पेन्सिलीने 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहून ठेवलंय. मी वरून पेनाने गिरवायचं. काल दवाखान्यात छोटू मलाच विचारत होता, "गार्ड मी नीट उघडला होता ना?"

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिंगीचा निकाल लागला असेल, तिला शाबासकी सांग.

टाय मी त्याच रात्री कापून घेतला, कुणी बघायच्या आत. माझ्या खणात आहे. फॉर्म सोमवारी द्यायचाय. रविवारी फोन कर.

तुझा,
बाळ्या