काकू, क्लेमच्या टेबलावरून तुम्ही आम्हाला पॉलिसी दाखवलीत

तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार, वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही चहा टाकायला उठता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. शिरोली एमआयडीसीतून माझ्यासारखीच नोकरी सुटलेली ओळखीची बरीच मंडळी आहेत. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांच्याही कानावर जायला पाहिजे.

कंपनीने आमचा विभाग बंद केला तेव्हा घरात चर्चा होती ती ग्रॅच्युइटीची, पीएफची आणि घराच्या हप्त्याची. विम्याचा विषय काढलात तुम्ही. "कंपनीचा विमा किती होता रे बाळ? आणि तो कधीपर्यंत चालतोय?" मग एचआरकडे चौकशी केली. ग्रुप विमा वार्षिक पगाराच्या तिप्पट होता आणि कामाच्या शेवटच्या दिवशी संपणार होता. तीच पॉलिसी स्वतःच्या नावावर करून पुढे चालवायची सोय काही ग्रुप पॉलिसींमध्ये असते, तेही विचारायला लावलंत. आमच्यात ती नव्हती. पीएफसोबत मिळणारा ईडीएलआय, म्हणजे १९७६ च्या योजनेतला जास्तीत जास्त ७ लाखांचा विमा, तोही नोकरीला बांधलेला. उद्यमनगरात ज्या वर्कशॉपात मी आता लागलोय तिथे वीसपेक्षा कमी माणसं आहेत, त्यामुळे पीएफ सक्तीचा नाही. पीएफ नाही, म्हणजे ईडीएलआय नाही.

नवीन पॉलिसी होईपर्यंत घर उघडं राहू नये म्हणून तुम्ही मला आधी बँकेत पाठवलंत. सरकारच्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे वर्षाला ४३६ रुपये खात्यातून जातात आणि २ लाखांचा विमा मिळतो. पहिले ३० दिवस त्यात फक्त अपघाती मृत्यूच धरतात, हे फॉर्मवर सही करायच्या आधी तुम्ही सांगितलं होतंत.

तुमची सगळी नोकरी विमा कार्यालयाच्या क्लेम विभागात गेली. पॉलिसी विकणारा माणूस ती पहिल्या पानापासून दाखवतो. तुम्ही ती, घरातला माणूस गेल्यावर बायको कागद घेऊन काउंटरवर येते, तिथून दाखवलीत. म्हणूनच पहिल्या दिवसापासून तुम्ही आमच्या हिला माझ्या शेजारी बसवलंत आणि प्रत्येक प्रश्न तिलाच विचारलात. घर महिन्याला कितीत चालतं? मी बोलायला गेलो तर म्हणालात, "तू गप, खर्च तिला ठाऊक."

ती म्हणाली पंचवीस हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख. धाकटी कमावती व्हायला पंधरा वर्षं, म्हणजे ४५ लाख. घराचं कर्ज १४ लाख, दोघींची शिक्षणं १५ लाख. बेरीज ७४ लाख. त्यातून पीएफ आणि एफडीचे ९ लाख वजा केलेत, राहिले ६५. महागाई धरून आकडा ७५ लाखांवर नेलात. पगाराच्या दहापट, पंधरापट असं सगळे सांगतात. पण स्वतःच्या किराण्यातून आणि हप्त्यातून निघालेला आकडा बघितल्यावर हिच्या चेहऱ्यावरची काळजी पहिल्यांदा थोडी कमी झाली.

तोवर एक एजंट घरी दोनदा येऊन गेला होता. वर्षाला ६० हजार भरा, मुदत संपली की बोनससकट पैसे परत. त्यात विमा होता जेमतेम ११ लाखांचा. तुम्ही त्याला नावं ठेवली नाहीत. त्या कागदावरच्या ११ वर बोट ठेवून हिला विचारलंत, "हे किती वर्षं पुरतील तुला?" बस, तिथंच निर्णय झाला. साधा टर्म विमा, माझ्या साठीपर्यंत. ७५ लाखांच्या विम्याचा वर्षाचा हप्ता त्या ६० हजारांच्या निम्म्याहूनही कमी बसला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय. काहीच झालं नाही तर भरलेले पैसे परत मिळत नाहीत, हे तुम्ही लपवलं नाहीत. बचत पोस्टात कर, विम्यात विमाच घे, असं स्पष्ट सांगितलंत. मला ते शंभर टक्के पटलंय.

आता तंबाखूचं. फाउंड्रीत भट्टीजवळ काम केलेल्या माणसाच्या खिशात चुन्याची डबी असतेच, माझ्याही होती. फॉर्ममध्ये 'नाही' लिहा, हप्ता कमी बसेल, असं त्या एजंटने सुचवलं होतं. तुम्हाला विचारलं तर तुम्ही इतक्या तातडीने "अजिबात नाही" म्हणालात की मी दचकलो. लघवीच्या तपासणीत कोटिनिन, म्हणजे तंबाखूतल्या निकोटिनचा अंश, सापडतो, हे एक. पण तुमचं म्हणणं वेगळं होतं. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर हरकत घेता येत नाही, पण त्या तीन वर्षांच्या आत माणूस गेला तर फॉर्ममधला शब्द न् शब्द तपासला जातो. "अशी लई घरं बघितलोय मी. माणूस गेलेला असतोय, आणि त्यानं काय लिहिलं होतं ते बायकोला माहीतच नसतंय." मग तंबाखूही लिहिली आणि बीपीची गोळीही लिहिली, डोससकट. हप्ता वाढला. रात्री झोप लागते.

आणि एक गोष्ट मला कुणीच सांगितली नसती. मेहुण्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीन आहे. आपल्या कोल्हापुरात जामीन नाही असा माणूस शोधावा लागेल! हे कळल्यावर तुम्ही फॉर्ममधला एक छोटा रकाना दाखवलात. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पॉलिसी घेतली, की ते पैसे बायको-मुलांचेच; मी कुणाचं देणं लागत असलो तरी देणेकऱ्यांचा त्यावर हात पडत नाही. पॉलिसी घेतानाच हे करावं लागतं, नंतर जोडता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा मंगळवार पेठेतल्या तुमच्या जेवणाच्या टेबलावर आमच्या पोरींच्या कामी आला.

पॉलिसी आल्यावर ३० दिवसांत ती वाचून नापसंत असेल तर परत करता येते. तेवढ्यात तुम्ही ती चष्मा पुसून, ओळीखाली पट्टी धरून वाचलीत. शेजारी हिचं आधार कार्ड आणि पासबुक मांडलंत. पासबुकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पॉलिसीत आडनावाचं एक अक्षरच गाळलेलं. अशाच नावांपायी बायकांना हेलपाटे घालताना तुम्ही आयुष्यभर पाहिलंय. पॉलिसीतलं नाव दुरुस्त करून आणायला मला सांगितलंत, आणि पासबुकासाठी हिच्याबरोबर बँकेत स्वतः गेलात, त्या गुडघ्यांनिशी. काकू, हे मी विसरणार नाही.

आता हिला पॉलिसी नंबर, क्लेमसाठी कुणाला फोन करायचा, मृत्यूचा दाखला कुठून घ्यायचा, सगळं माहीत आहे. हे बोलणं अशुभ आहे असं आईला वाटत होतं. तुम्ही तिच्याशीही बोललात आणि कागदांची फाईल आता तीच सांभाळते.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, साडीही परत पाठवलीत. म्हणून तुम्हाला आवडेल असंच काहीतरी करतोय. आमच्या लाईनवरचे दोघे येत्या रविवारी तुमच्याकडे येणार आहेत. बायकोला घेऊन या, आणि तिचं पासबुक आणि आधार बरोबर ठेवा, असं मी त्यांना बजावलंय.

आपला,
वरच्या मजल्यावरचा बाळ